फाट्यावरून परत गेलेले पार्सल

(दृश्य: परभणी, सकाळचे पावणेसात. एक खोली, टेबल, लॅपटॉप, हेडसेट. भिंतीशी इन्व्हर्टर.)

"मारुतीच्या पारासमोर, रेशन दुकानाच्या बोळीत, पाण्याच्या टाकीखालचे हिरव्या दाराचे घर." ऑनलाइन खरेदी करणाऱ्या एका ग्राहकाने पत्त्याच्या रकान्यात लिहिलेली ही ओळ आहे. गावातले कोणतेही लेकरू या घरापर्यंत हात धरून नेऊन सोडेल. पण भिवंडीकडच्या गोदामातून ज्या यंत्रणेने हे पार्सल रवाना केले, तिला या ओळीखालचे पिन कोडचे सहा अंक तेवढे कळतात. पार्सल तालुक्याच्या हबमधून, म्हणजे वाटप केंद्रातून, तीन वेळा निघाले आणि तीन वेळा परत आले. तिन्ही वेळा नोंद झाली, ‘ग्राहक उपलब्ध नाही’. ग्राहक तिन्ही दिवस घरीच होता. आज सात वाजता शिफ्ट सुरू झाली की त्याचा फोन जिच्या कानाशी येणार आहे, तिच्या कामाविषयी हा लघुपट आहे.

ही मुलगी परभणीची आहे. तिच्या इच्छेनुसार आम्ही तिचे नाव घेत नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती पुण्याला गेली, कॉल सेंटरमध्ये लागली, २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप आणि हेडसेट घेऊन घरी परतली आणि तेव्हापासून याच खोलीतून काम करते आहे. तिचा पगार त्या खरेदीच्या संकेतस्थळाकडून येत नाही, तर ग्राहकसेवेचे कंत्राट घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीकडून येतो. फोनवर मात्र ती आपली ओळख त्या संकेतस्थळाच्या नावाने करून देते, आणि त्या क्षणापासून ग्राहकाच्या लेखी कंपनी म्हणजे तीच असते. विक्रेता, गोदाम, ट्रक, हब, बँक या कोणाशीही ग्राहकाची गाठ पडत नाही. ज्याच्याजवळ मन मोकळे करता येईल किंवा ज्याच्यावर चिडता येईल असा माणूस या सगळ्या साखळीत हाच एक.

मी स्वतः हे काम तीन वर्षे केले आहे. कोणाकडे, हे सांगण्याचे कारण नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही. या मुलीला माफी मागण्याचा अधिकार पूर्ण आहे, पण ज्याबद्दल ती माफी मागते ते दुरुस्त करण्याचा अधिकार तिच्या हातात फारच थोडा आहे. दिवसभरात ती जी दमते ती बोलून दमत नाही, या दोन अधिकारांमधल्या अंतराने दमते.

तिच्या हातात काय आहे ते पाहा. ऑर्डर कुठे पोहोचली हे तिला दिसते. ती परतीचा पिकअप पुन्हा लावू शकते, ठरावीक रकमेपर्यंतचा रिफंड मंजूर करू शकते, आणि बाकी सगळ्यासाठी तिकीट काढू शकते. म्हणजे तक्रारीला एक क्रमांक देऊन ती पुढच्या विभागाकडे सरकवू शकते. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला ती थेट फोन लावू शकत नाही. तो मुलगा गावापर्यंत आला होता की फाट्यावरूनच वळला, हेही तिला पडद्यावर दिसत नाही. ग्राहक म्हणतो, "ताई, आमच्या तांड्याला धड रस्ता नाई, त्यो पोरगा फाट्यावरूनच वापस जाऊ लालाय." तो म्हणतो ते खरे आहे हे तिला ठाऊक असते, कारण तिचे आजोळ तसल्याच एका वाडीत आहे, आणि तरीही पडद्यावरची नोंद बरोबर धरूनच तिला बोलावे लागते.

त्या मुलाचीही बाजू आहे. त्याला प्रत्येक पोहोचवलेल्या पार्सलमागे पैसे मिळतात, पेट्रोल बहुधा त्याचे स्वतःचे असते, आणि एका वाडीतल्या एका पार्सलसाठी दहा-बारा किलोमीटर आत जाऊन येणे त्याला परवडत नाही. या गोष्टीचा दोष एका कोणाच्या माथी मारता येत नाही, म्हणूनच तो सरतेशेवटी फोन उचलणारीच्या माथी येतो.

पिन कोडची ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे जाणकार होते. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांत लिहिलेले पत्ते यांतून वाट काढण्यासाठी तिचा जन्म झाला. मराठवाड्यातले बहुतेक पिन ४३१ ने सुरू होतात, लातूर-धाराशिवकडचे ४१३ ने. पण पिन पत्राला टपाल कार्यालयापर्यंतच आणत असे. तिथून पुढे पोस्टमन होता, आणि त्याला हिरव्या दाराचे घर कोणाचे, त्या घरातला मुलगा सैन्यात कुठे आहे, हेही माहीत असे. ऑनलाइन खरेदीने पिन उचलला, पोस्टमन मात्र मागे राहिला. त्याची जागा आता ही मुलगी फोनवरून भरून काढते.

त्यात आपल्या भागाच्या पत्त्यांचा एक इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली कितीतरी गावे नव्या जागी वसवली गेली; गोदावरीकाठी जुने कायगाव आहे आणि नवीन कायगावही आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, तरी अनेक ठिकाणच्या याद्यांत जुनी नावे तशीच राहिली, आणि औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे. पार्सल चुकले की ग्राहक शहराचे नाव दोन-दोनदा सांगतो आणि ती पिन पुन्हा विचारते, तेव्हा ती वेळकाढूपणा करते असे त्याला वाटते. ती खात्री करत असते.

(दृश्य: हेडसेट घातलेला चेहरा, जवळून. कॉल चालू आहे.)

आता तिचे बोलणे ऐका. ग्राहक साठी उलटलेले आहेत, परभणीच्याच जिल्ह्यातले. घरात कोणीही त्यांना बाबा किंवा काका म्हणेल. तिला मात्र ‘सर’ म्हणावे लागते, कारण स्क्रिप्टमध्ये तसे आहे. ‘आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्यही स्क्रिप्टमध्येच आहे. हे वाक्य मराठीत आहे, पण मराठवाड्यात कोणी कोणाशी असे बोलत नाही, आणि समोरचा माणूस ते ऐकताच ओळखतो की हे वाचून दाखवले जात आहे. मी कामाला होते तेव्हा एकदा बीडकडच्या एका मावशींना म्हणाले, "मावशी, तुमचं खरंय. तुमच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता." त्या शांत झाल्या, सगळे नीट सांगू लागल्या, आणि पाच मिनिटांत काम झाले. पुढच्या आठवड्यात तो कॉल तपासणीत निघाला. ठरलेले दिलगिरीचे वाक्य बोलले नाही म्हणून आणि ग्राहकाला मावशी म्हटले म्हणून माझे गुण कापले गेले. तो कॉल मी आजही माझ्या चांगल्या कॉलपैकी एक मानते.

कॉल किती मिनिटांत संपला याची सरासरी काढली जाते. कॉल संपल्यावर ग्राहकाला संदेश जातो आणि तो एक ते पाच असे गुण देतो. पार्सल आले नाही म्हणून चिडलेला माणूस पार्सलला गुण देत नाही, तिलाच देतो. दोन कॉलच्या मधल्या काही सेकंदांत नोंद लिहायची, आणि पाणी पिण्याची वेळही त्यातूनच काढायची. एप्रिल-मे महिन्यांत परभणीत वीज गेली की पंखा बंद पडतो, पण इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर चालू राहतात, आणि ती घाम पुसत त्याच सुरात बोलत राहते. तो सूर ढळला तर त्याचेही गुण जातात.

सणाचे दिवस आले की फोनची रांग वाढते. मराठवाड्यात सोयाबीनचा पैसा हातात येतो तो दसरा-दिवाळीच्या आसपास, आणि मोठमोठे सेलही त्याच सुमारास लागतात. ऑर्डर देताना बाजारभाव पडणार हे माहीत नसते. पार्सल दारात येते त्या दिवशी रोख द्यायला हातात पैसे नसतात. डिलिव्हरीवेळी पैसे द्यायच्या ऑर्डर परत का जातात याची जी कारणे पडद्यावर निवडायची असतात, त्यांत ‘माल विकला गेला नाही’ असे कारण नाही. ‘ग्राहकाने नाकारले’ एवढेच आहे.

आणि दसऱ्यानंतर बीड, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. माझ्या लक्षात राहिलेला एक कॉल त्या दिवसांतला आहे. रात्री आठच्या पुढे, गाडी भरून झाल्यावर, एका बाईंनी फोन केला होता. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. घर सोडण्याआधी त्यांनी दिराच्या मोबाईलवरून लेकरासाठी स्वेटर आणि कानटोपी मागवली होती. टोळी ठरल्यापेक्षा आधी निघाली, पार्सल गावी पोहोचले तेव्हा घराला कुलूप होते, आणि बाई कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यावर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहत होत्या. "ताई, हितं पाठवता येतं का? रातच्याला लई गारठा पडू लालाय."

एकदा निघालेले पार्सल दुसऱ्या पिनवर वळवण्याची सोय माझ्याकडे नव्हती. ऑर्डर दिराच्या नंबरवर होती, म्हणून खातरजमेचा ओटीपी त्यांच्याकडे जात होता आणि दीर दुसऱ्या टोळीत होते. मी त्यांना नियम सांगितला आणि सांगताना लाज वाटली. मग ठरलेली वेळ उलटून गेली तरी थांबले आणि नवी ऑर्डर कशी द्यायची ते सावकाश सांगितले: पत्ता कारखान्याच्या गेटचा द्या, खाली टोळीच्या मुकादमाचे नाव आणि नंबर द्या, कोपीच्या रांगेची खूण लिहा. त्या दिवशी माझी सरासरी बिघडली. ऑर्डर क्रमांक मी वहीत लिहून ठेवला होता. सहाव्या दिवशी पाहिले तर ‘पोहोचले’ अशी नोंद होती.

आणखी एका प्रकारच्या कॉलविषयी बोललेच पाहिजे. ग्राहक संकेतस्थळाचा नंबर इंटरनेटवर शोधतो, तिथे भामट्यांनी पेरलेला खोटा नंबर सापडतो, पलीकडचा माणूस गोड बोलून रिफंडसाठी एखादे ॲप घ्यायला लावतो आणि खाते रिकामे होते. त्यानंतर ग्राहकाला खरा नंबर मिळतो आणि तो आमच्यावर तुटून पडतो, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आवाज एकाच कंपनीचे. अशा वेळी ती मुलगी पैसे परत आणू शकत नाही. पण ती एक गोष्ट सांगू शकते आणि ती ताबडतोब सांगायला हवी: आधी हा फोन ठेवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार गेली तर ते अडवले जाण्याची शक्यता असते. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही तिने सांगावे. तिला स्क्रिप्टमध्ये हे दिलेले असो वा नसो.

ज्ञानाच्या बाबतीत माझी तक्रार इथेच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आज अस्तित्वात आहेत. त्यांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे लागते. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात त्याला दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर मराठीतही बोलता येते. खात्यातून पैसे गेले आणि ऑर्डर मात्र नोंदलीच गेली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ते पाच दिवसांत परत यावे लागतात आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. मला प्रशिक्षणात आवाजाची पट्टी शिकवली, होल्डवर ठेवण्याची रीत शिकवली. यांतले काहीही शिकवले नाही. मी ते नंतर स्वतः वाचले. जी मुलगी दिवसभर लोकांच्या पैशांविषयी बोलते तिला हे पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण मग तिच्या ‘वाट पाहा’ला एक तारीख मिळते, आणि तारीख मिळालेला माणूस निम्मा शांत होतो.

(दृश्य: पुन्हा परभणीची खोली. घड्याळात सात वाजून चार मिनिटे.)

हिरव्या दाराच्या घराचा फोन आला आहे. ती ऐकून घेते, मध्ये बोलत नाही. मग पत्त्याचा रकाना उघडते आणि विचारते, "काका, फाट्यावर थांबलं की समोर काय दिसतं?" स्क्रिप्टमधला ‘सर’ तिने आज बाजूला ठेवला आहे. पलीकडून उत्तर येते आणि ती खुणेच्या रकान्यात बसेल एवढ्या अक्षरांत टाइप करते: ‘फाट्यावर पिंपळाखाली थांबून फोन करा, मुलगा मोटारसायकलवर घ्यायला येईल.’ नंबर मुलाचा देते, कारण काकांचा फोन चार्जिंगला लावला की घरातच राहतो. चौथा प्रयत्न लावते. पुढचा कॉल रांगेत वाजतो आहे, आणि ती नोंद पूर्ण केल्याशिवाय तो उचलत नाही.

(दृश्य: दोन दिवसांनंतर, दुपार. फाटा. पिंपळाच्या सावलीत उभी मोटारसायकल, पाठीवर मोठी पिशवी, हातात मोबाईल. तो लेबल वाचतो आणि नंबर लावतो.)