कोणाच्या वतीने, कोणत्या भाषेत

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘नागरी संस्थांची वाढ आणि आंतरसांस्कृतिक संवाद’. तो वाचून बायकोने विचारलं, “म्हणजे नेमकं काय बोलणार?” दुभाष्याचं काम करून पोट भरणारा माणूस काय बोलणार? इकडचं तिकडे नेताना वाटेत काय सांडलं, तेच.

सुरुवात पर्वतीपासून करतो. पर्वती संस्थान, म्हणजे पुण्यातल्या पर्वती टेकडीवरच्या देवळांचं संस्थान. त्याच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या. त्यांतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, पेशाने वकील. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ हा प्रश्न येणारच, हे वकिलाला सांगावं लागत नाही. म्हणून नियम असा, की सभासद व्हायचं तर किमान ५० प्रौढ माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. जमीनजुमल्याच्या कामाला लागणारा कागद काकांनी सार्वजनिक कामाला जुंपला. पुढे १८७६-७७च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारपुढे मांडली. माहिती मराठीत यायची, अर्ज इंग्रजीत जायचा. या शहरातल्या संस्था जन्मापासूनच दुभाषी आहेत.

पण ‘सार्वजनिक’ म्हणजे कोण? सभेनंतर तीनच वर्षांनी याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. शूद्र-अतिशूद्रांना बाजूला ठेवून सार्वजनिक म्हणवता कसं, हा त्यांचा सवाल होता. एकाच शहरात, एकाच भाषेत बोलणाऱ्यांमध्ये हे अंतर होतं. परदेशी माणूस आल्यावरच संस्कृती वेगळ्या होतात, असं काही नाही.

परदेशाचं म्हणाल, तर पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. त्या अमेरिकेत गेल्या, तिथल्या स्त्रियांच्या संस्था त्यांनी बारकाईने पाहिल्या आणि १८८९ मध्ये त्या देशावर मराठीत पुस्तक लिहिलं. बोस्टनमध्ये १८८७ साली त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि त्या पैशावर शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू झाली, आधी मुंबईत, मग १८९० मध्ये पुण्यात. अट अशी, की शाळेत धर्माचा प्रचार करायचा नाही. सगळ्यांना मान्य! पण अटीचा अर्थ काय? रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्या आपली प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. मुलींवर सक्ती नाही, म्हणजे अट पाळली, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या दृष्टीने उघडं दार हाच प्रचार. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाहेर पडले. यात मी कोणालाच लबाड म्हणणार नाही. शब्द एकच होता. तो तीन घरांत तीन अर्थांनी नांदत होता, आणि देणगीदाराचं घर समुद्रापार होतं.

आज संस्था काढायची तर वाट ठरलेली आहे. १८६०च्या कायद्याखाली नोंदणी, शिवाय १९५०च्या विश्वस्त कायद्याखालीही. मग धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे. हक्क मागायला निघालेल्या बायकांना आधी ‘धर्मादाय’ व्हावं लागतं, याची मला अजून गंमत वाटते. परदेशी पैसा घ्यायचा तर त्याचा कायदा वेगळा. २०१३च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजकार्यासाठी द्यायचा दोन टक्क्यांचा निधीही आला. पैसा आला तशी भाषा आली. कार्यकर्ता ‘फील्ड स्टाफ’ झाला, वस्ती ‘साईट’ झाली. पन्नास जणांची मुखत्यारपत्रं आता कोणी मागत नाही. खर्चाचं प्रमाणपत्र मागतात. हिशेब मागणं योग्यच आहे. पण तो इंग्रजीत लिहिला जातो आणि ज्यांच्या नावावर पैसा येतो, त्यांना वाचता येत नाही.

उलट उदाहरणही पुण्यातच आहे. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना झाली, तिचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. या नावात कचरा नाही, बघा. भंगाराच्या दुकानात जे तोललं जातं, ज्याला भाव आहे, ते आहे. ‘लाभार्थी’ हा शब्द ज्यांनी रूढ केला, त्यांना असं नाव सुचलं नसतं.

शेवटी माझा एक अनुभव सांगतो. कुठली वस्ती, कुठली संस्था, ते जाऊ दे. परदेशी पाहुण्या आल्या होत्या, मी दुभाषा. त्यांनी एका मावशींना विचारलं, आयुष्यात काय बदल झाला? मावशी म्हणाल्या, “आता दुकानदार काटा मारत नाही.” मी सांगितलं, यांचं उत्पन्न वाढलं आहे. पाहुण्यांनी लिहून घेतलं. काटा मारणं म्हणजे काय, रोज डोळ्यांदेखत होणारी चोरी मुकाट सोसणं म्हणजे काय, हे समजावून द्यायला दहा मिनिटं लागली असती आणि गाडी उभी होती.

मग मावशी मला म्हणाल्या, “त्यांना विचार की, त्यांच्या गावात पत्र्याला काय भाव आहे?”

मी विचारलं. पाहुण्या गोंधळल्या. माहीत नाही म्हणाल्या, पण प्रश्न वहीत लिहून घेतला. पुढे त्यांचा अहवाल आला. त्यात हा प्रश्न नव्हता. खात्रीने सांगतो, कारण त्याचं मराठी मीच केलं होतं.