सायकल कडेला का घेत नाही? साडेतीन मीटरच्या लेनचा हिशेब

[कॅमेऱ्यासमोर]

पुढे सायकल, मागे गाडी. सायकल काही कडेला होत नाही आणि गाडीवाल्याचा हात हॉर्नवरून निघत नाही. सायकलवाल्याला वाटतं, हा माझ्या अंगावर गाडी घालतोय. गाडीवाल्याला वाटतं, रस्ता काय याच्या बापाचा आहे का? दोघांचे संस्कार काढण्याआधी आपण टेप काढू आणि रस्ता मोजू. या भांडणातला मोठा भाग मीटरमध्येच सुटतो.

आधी एक सूचना. वाहनं डावीकडून चालतात असं धरून मी बोलतोय. तुमच्याकडे उजवीकडून चालत असतील, तर डावं-उजवं उलटं करून ऐका.

[पडद्यावर: वरून दिसणारी लेन. आकडे एकेक करून उमटतात.]

लेन धरू साडेतीन मीटरची. शहरात ती अनेकदा याहून अरुंद असते. सायकलचं हँडल 60 ते 70 सेंटीमीटर रुंद. चाक कडेपासून पाऊण मीटर आत असेल, तर हँडलचं उजवं टोक येतं साधारण 1.1 मीटरवर. तिथून पुढे ओव्हरटेक करणाऱ्याने सोडायची जागा दीड मीटर. झाले 2.6. त्यात मध्यम आकाराच्या गाडीचे, आरशांसकट, दोन मीटर मिळवा. एकूण 4.6 मीटर.

लेन आहे साडेतीनची आणि लागतात साडेचारच्या वर. आता समजा सायकलवाला अगदी कडेला गेला, चाक कडेपासून फक्त 30 सेंटीमीटरवर. तरी बेरीज 4.15 येते. म्हणजे नीट ओव्हरटेक करायचा तर गाडीला शेजारची लेन घ्यावीच लागणार, सायकल कुठेही असो. आणि शेजारची लेन घ्यायचीच आहे, तर सायकल अर्धा मीटर आत आली म्हणून गाडीवाल्याचं काही जात नाही. समोरून वाहन येतंय? मग थांबायचं. सायकल कडेला असती तरी थांबायलाच हवं होतं.

हे दीड मीटर कोणी हवेतून काढलेले नाहीत. जर्मनीने 2020 मध्ये हा आकडा थेट नियमात लिहिला: शहरात दीड मीटर, शहराबाहेर दोन. फ्रान्समध्ये शहरात एक, बाहेर दीड. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये 2022 पासून ताशी 30 मैलांपर्यंत किमान दीड मीटर आणि वेग वाढला की त्याहून जास्त. कारण साधं आहे. सायकल रुळावर चालत नाही. सरावलेला माणूससुद्धा थोडा इकडेतिकडे झुलतो. चढावर, वेग कमी झाला की, जास्तच. त्यात एखादा खड्डा चुकवला की अर्धा मीटर गेला. बस किंवा ट्रक वेगात खेटून गेला तर हवेचा झोत आधी सायकलला बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. त्या ओढीलाच बरेच जण गडबडतात, कारण तोल तोवर उलट्या बाजूला सावरलेला असतो.

[कॅमेऱ्यासमोर, थोडं जवळून]

आता सायकलवाल्यांकडे वळतो. कडेला चिकटून चालवणं सुरक्षित वाटतं. तसं ते नसतं, आणि याचं एक कारण बहुतेकांना माहीत नसतं.

सायकल उजवीकडे वळवायची असेल तर आधी ती उजवीकडे कलावी लागते. आणि ती कलण्यासाठी पुढचं चाक क्षणभर डावीकडे जातं. हे आपण नकळत करतो, लक्षातही येत नाही. आता चाक फुटपाथच्या दगडाला लागून चाललंय असं समजा. उजवीकडे सुटायचंय, पण त्याआधी चाकाला डावीकडे जायला जागाच नाही. चाक दगडाला घासतं आणि माणूस तोल जाऊन पडतो. डांबराचा थर संपतो तिथल्या कंगोऱ्यावरही हेच होतं. शिवाय गटाराच्या जाळ्या, खडी, काचा, साचलेलं पाणी, सगळं कडेलाच जमा होतं. म्हणून पाऊण मीटर ते एक मीटर आत राहा. ती मोकळी जागा तुमच्या सुटकेची आहे.

आणि काही ठिकाणी सरळ लेनच्या मधोमध या. लेन अरुंद असेल तिथे, चौकाच्या आधी, आंधळ्या वळणावर, उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारी. कडेला राहिलात तर मागच्याला वाटतं, बसतंय. बसत नसतं, आणि ते त्याला कळतं तेव्हा तो तुमच्या खांद्याशी असतो. मध्ये असलात तर त्याला तो मोह होत नाही.

मात्र मध्ये येण्याची रीत आहे. अडचणीची जागा 30-40 मीटर दूर असतानाच उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहा. नुसता आरसा पुरत नाही. मागच्याने वेग कमी केलाय याची खात्री करा, हात दाखवा, दोन्ही हात हँडलवर आणा आणि मग सावकाश सरका. बघणं आधी, हात नंतर. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ. अडचण संपली की परत बाजूला या. मागे पाच-सहा गाड्या तुंबल्या असतील, तर रुंद जागा बघून अर्धा मिनिट थांबा आणि जाऊ द्या. मधोमध ठाण मांडून दोन किलोमीटर जाणं म्हणजे हक्क बजावणं नव्हे, तो हट्ट झाला.

दोघे शेजारी शेजारी चालवतात ते? त्यावर सगळ्यात जास्त चिडचिड होते, तर तेही मोजू. दहा सायकली, प्रत्येक 1.8 मीटर, मध्ये दीड मीटर अंतर. एकामागोमाग एक चालल्या तर रांग होते साडेएकतीस मीटरची. दोन-दोनच्या जोडीने पंधरा. गाडीला शेजारची लेन घ्यायचीच आहे, मग पंधरा मीटर पार करणं बरं की एकतीस? आता यात एक पण आहे. लेन प्रशस्त असेल, साडेचार-पाच मीटरची, तर एका रांगेतच चला. तिथे जोडीने चालणं निव्वळ अडवणूक.

[पडद्यावर: ओव्हरटेकची आकृती]

गाडीवाल्यांनी पुढचा हिशेब एकदा मनात बसवून घ्यावा. सायकल ताशी 20, तुम्ही 50. पंधरा मीटर मागून निघून दहा मीटर पुढे जाऊन आत यायला पावणेचार सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुम्ही 50 मीटरहून जास्त जाता. समोरून तितक्याच वेगाने वाहन येत असेल तर तेही तेवढंच जवळ येतं. म्हणजे ओव्हरटेक सुरू करताना समोर 100 मीटरहून बरंच जास्त मोकळं हवं. नाही तर होतं काय, की समोरचा जवळ आला की गाडी आत घेतली जाते, सायकल अजून बाजूलाच असताना. कट मारला म्हणतात तो बहुतेक असाच बसतो. त्यामागे दरवेळी दुष्टपणा असतोच असं नाही. अंदाज चुकलेला असतो, पण हाडं तीच मोडतात.

आणि मागे थांबलात तर किती वेळ जातो? 200 मीटर सायकलच्या वेगाने गेलात तर 22 सेकंद जास्तीचे. तेवढे तर पुढच्या सिग्नलला उभं राहण्यात जातातच.

हॉर्नचं थोडक्यात. अगदी मागे येऊन जोरात वाजवला की माणूस दचकतो, वळून पाहतो, आणि वळून पाहताना हँडलही त्याच बाजूला जातं. म्हणजे तुमच्याच समोर. वाजवायचाच असेल तर लांबून, एकदा, हलका.

[कॅमेऱ्यासमोर]

आता उभ्या गाडीचं दार. याची धास्ती धावत्या गाडीइतकीच बाळगा. दार पूर्ण उघडलं की साधारण एक मीटर जागा खातं. हँडलचं टोक त्या बाहेर ठेवायचं तर चाक गाडीपासून किमान 1.35 मीटरवर हवं. दीड मीटर धरा. दारावर समोरून आदळणं वाईटच, पण जास्त घातक ठरते ती घसट. हँडलचं डावं टोक दाराच्या कडेला अडकतं, चाक झटकन डावीकडे फिरतं आणि माणूस उजवीकडे फेकला जातो. त्याच क्षणी मागून येणाऱ्याकडे थांबायला अंतर उरलेलं नसतं.

गाडीवाल्यांसाठी उपाय बिनखर्चाचा आहे. दार लांबच्या हाताने उघडा. उजव्या बाजूला बसलात तर डाव्या हाताने. हात आडवा नेला की खांदा वळतो, खांद्यासोबत मान वळते आणि मागचा रस्ता दिसतो. नेदरलँड्सशी जोडली गेलेली ही सवय ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही 2022 मध्ये आली. मागे बसलेल्यांना, विशेषतः मुलांना, हे सांगावं लागतं. डावीकडून उतरणाऱ्यांनीही पाहावं, कारण सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या डावीकडून सायकली येत असतात.

चौक. इथे तीन गोष्टी घडतात.

पहिली, गाडी सायकलला ओव्हरटेक करते आणि लगेच डावीकडे वळते. तुम्ही वळायला वेग कमी करता, सायकल मात्र सेकंदाला साडेपाच मीटरने येतच असते. डावीकडे वळायचंय आणि वळण 40-50 मीटरवर आलंय? मग ओव्हरटेक करूच नका, सायकलच्या मागे राहा.

दुसरी, ट्रक. लांब ट्रक डावीकडे वळण्याआधी जरा उजवीकडे घेतो. डावीकडे मोठी फट तयार होते आणि सायकलवाल्याला वाटतं, वाट मिळाली. मग ट्रक वळतो. मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतून कापत येतात, आणि ती फट बंद होते. क्लीनरच्या बाजूला केबिनजवळचा मोठा भाग ड्रायव्हरला दिसत नाही. बंपरच्या अगदी पुढ्यातलंही नाही. लंडनमध्ये 2021 पासून 12 टनांवरच्या ट्रकना केबिनमधून थेट किती दिसतं यावरून तारांकन देऊन परवाना देतात, ते याचसाठी. नियम एकच: सिग्नलला ट्रकच्या डाव्या अंगाने पुढे जायचं नाही. मागे थांबा. ट्रकचा इंडिकेटर लागलेला नसला तरीही.

तिसरी जरा विचित्र आहे. आडव्या रस्त्याने येणारा गाडीवाला म्हणतो, "मला दिसलाच नाही." आणि ते अनेकदा खरं असतं. समोरच्या काचेच्या बाजूला जो खांब असतो, त्यामागे सायकल सहज लपते. गाडी आणि सायकल दोन्ही स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे येत असतील तर दोघांमधला कोन बदलत नाही, म्हणून सायकल खांबामागेच राहते, शेवटपर्यंत. चौकात येताना डोकं पुढे-मागे, एखादी वीत, हलवून बघा. सायकलवाल्याने वेग जरा बदलला तरी कोन मोडतो.

उलट्या दिशेने सायकल चालवणाऱ्यांना काय सांगायचं? गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा ड्रायव्हर उजवीकडे बघतो, कारण त्याच्यासमोरची रहदारी तिकडूनच येते. तुम्ही डावीकडून येता. शिवाय ताशी 50 च्या गाडीला सरळ चाललेली 20 ची सायकल 30 च्या फरकाने गाठावी लागते. समोरासमोर आलात तर तो फरक 70 होतो. "मला येणारी गाडी दिसते" हे कारण यापुढे टिकत नाही.

[पडद्यावर: थांबण्याचं अंतर, दोन पट्ट्या]

वेगाचंही आलंच. कोरडा रस्ता, ब्रेक मारायला लागणारा वेळ एक सेकंद. ताशी 30 वर गाडी साधारण 13 मीटरमध्ये थांबते. ताशी 50 वर त्याच 13 मीटरवर ड्रायव्हरचा पाय जेमतेम ब्रेकवर पोचलेला असतो. थांबायला लागतात 28. नेदरलँड्समधली पद्धत म्हणूनच मला पटते: 30 च्या रस्त्यावर सायकल आणि गाडी एकत्र, 50 च्या रस्त्यावर सायकलसाठी वेगळा मार्ग. 50 च्या रस्त्यावर नुसती पांढरी पट्टी रंगवून मोकळं होणं ही पळवाट आहे.

शेवटी रात्र. चमकदार पिवळं जॅकेट दिवसा आणि संधिप्रकाशात कामाचं. त्याचा रंग सूर्यातल्या अतिनील किरणांवर उजळतो, रात्री दिव्यांखाली ती जादू राहत नाही. रात्री हवी ती गाडीचा प्रकाश परत फेकणारी पट्टी, आणि ती पाठीपेक्षा घोट्यावर किंवा पेडलवर. वरखाली होणारी चमक दिसली की ही सायकल आहे हे मागच्याला लांबूनच कळतं. गाडीवाल्यांनी सायकल समोरून येत असली तरी डिपर द्यावा, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली करावा; झगमगाटात खड्डा दिसत नाही.

सायकलच्या पुढच्या दिव्याचं तोंड तपासा. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. प्रकाशाचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा 30 ते 50 सेंटीमीटर खाली पडायला हवा. वर पडत असेल तर समोरच्याचे डोळे दिपवताय. मागचा लाल दिवा तपासताना कॅरियरवर नेहमीची पिशवी बांधा, अंगात जॅकेट घाला, दुसऱ्या कोणाला सायकलवर बसवा आणि दहा पावलं मागे जाऊन पाहा. पुष्कळ दिवे पिशवीमागेच जळत असतात.