पायाखालचा मासा

नमस्कार श्रोतेहो.

भाड्याची हाउसबोट घ्यायची, कधी न पाहिलेल्या नदीवर चार दिवस राहायचं आणि पोटभर मासेमारी करायची, असा बेत तुमच्यापैकी कुणी आखत असेल, तर माझी फजिती आधी ऐकून घ्या. पहिला दीड दिवस मला एकही मासा लागला नाही.

कठड्याशी उभा राहून, अंगात होतं नव्हतं ते बळ लावून मी गळ नदीच्या मध्यावर भिरकावत होतो. मासा म्हटला की तो लांबच असणार, ही आपली समजूत! दुसऱ्या दिवशी दुपारी हात भरून आले, तेव्हा मागच्या कोपऱ्यात मांडी घालून बसलो आणि आळसानेच गळ बोटीच्या कडेने सरळ खाली सोडला. दोन-तीन मिनिटांत बूच आडवं सरकलं, थबकलं, आणि तिरकं होऊन पाण्याखाली गेलं. मासे सकाळपासून माझ्या पायाखालीच होते.

नंतर विचार केला तेव्हा उलगडा झाला. काठाला तासन्‌तास बांधलेली हाउसबोट म्हणजे माशांच्या लेखी छप्पर. तिची सावली पडते, वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांपासून आडोसा मिळतो, आणि तिच्या आडोशाला धार थोडी मंदावते. वाहत्या पाण्यात एका जागी टिकायचं तर माशाला सतत पोहावं लागतं. त्यापेक्षा संथ पाण्यात थांबावं आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारं खाणं टिपावं, हे त्याला परवडतं. अनोळखी नदी वाचायची ती याच हिशेबाने. खडकामागचा भोवरा, पाण्यात आडवं पडलेलं झाड, दोन प्रवाह मिळतात तिथली फेसाची रेघ, सगळीकडे वेगवान पाणी आणि संथ पाणी एकमेकांना खेटून असतं. गळ टाकायचा तो त्या शिवेवर.

पण छप्पर शांत हवं. इथे एक गंमत आहे. आपण बोटीवर कुजबुजत बोलतो, ते बरंचसं वाया जातं. हवेतल्या आवाजाचा फार थोडा अंश पाण्यात शिरतो, बाकीचा पृष्ठभागावरून परत फिरतो. तेव्हा गप्पा खुशाल मारा. खुर्ची मात्र ओढू नका! बोटीच्या तळाला बसलेला धक्का थेट पाण्यात जातो, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, ती पाण्याची बारीकशी हालचालही टिपते. आमच्या बोटीवर लोखंडी पायांच्या खुर्च्या होत्या. मी दीड दिवस त्या सावलीमागे फरफटत नेत होतो आणि मासा का येत नाही म्हणून आमिष बदलत होतो. दिसण्याचंही तसंच. नितळ पाण्यात कठड्याशी उभा माणूस माशाला खालून दिसतो. बसा, आणि शक्यतो अनवाणी वावरा.

जनरेटरबद्दल मात्र मी गंभीरपणे सांगतो. बऱ्याच हाउसबोटींवर त्याचा धूर मागच्या बाजूने किंवा पाण्यालगत बाहेर पडतो, आणि गळ टाकायला सोयीची जागा नेमकी तीच. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि वारा पडला की तो तिथेच साचतो. जनरेटर किंवा इंजिन चालू असताना मागे बसायचं नाही, पोहायचं तर मुळीच नाही. आत गजर देणारं यंत्र आहे का आणि ते चालतं का, हे बोट ताब्यात घेतानाच बघा.

आता मुक्कामाची जागा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल, मासा चांगला, पण तिथे धार काठ पोखरत असते आणि दरड कधी सुटेल याचा नेम नसतो. आतल्या अंगाला वाळू साचून उथळ होतं, तिथे बोट रुतते. मला वळण संपून नदी जरा सरळ होते ती जागा आवडते. अंधार पडायच्या बरंच आधी तिथे पोचायचं. हाउसबोट उंच आणि सपाट तळाची असते, बाजूचा वारा तिला पत्र्यासारखी ढकलतो, आणि सुकाणू फिरवल्यावर ती वळायला सावकाश विचार करते.

मी पहिल्या रात्री दोर चांगले ताणून बांधले, जरा अभिमानानेच. वरच्या अंगाला धरण होतं. रात्री त्याचा विसर्ग कमी झाला, पाणी उतरलं, आणि पहाटे भांडी घरंगळल्याच्या आवाजाने जाग आली. बोटीची एक कड चिखलावर टेकली होती, दुसरी पाण्यात. पाणी पुन्हा चढेपर्यंत आम्ही कलत्या घरात बसलो. तेव्हापासून दोर सैल ठेवतो, आणि झोपण्यापूर्वी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून तिच्यावर पाण्याच्या रेषेची खूण करतो.

नांगर टाकावा लागला तर तो पुढच्या टोकाकडूनच. मागून टाकला तर धार मागच्या सपाट बाजूवर आदळते आणि पाणी आत येऊ शकतं. दोर खोलीच्या पाच ते सात पट हवा, आणि खोली मोजताना पाण्यापासून कठड्यापर्यंतची उंचीही धरा. तीन मीटर पाणी आणि एक मीटर उंची असेल, तर निदान वीस मीटर दोर.

बोट भाड्याने मिळाली म्हणजे मासेमारीचा परवाना मिळाला, असं होत नाही. तो वेगळा असू शकतो. विणीच्या काळातली बंदी आणि किती लांबीचा मासा ठेवता येतो, हेही आधी विचारून घ्या.

आणि लांब दांड्याची जाळी विसरू नका. माझा सगळ्यात मोठा मासा मी दोऱ्याने कठड्यापर्यंत उचलला. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलत होतं, हवेत ते सगळं गळावर आलं. कठड्याच्या वीतभर खाली तो एकदा वळवळला आणि सुटला. लहान मासा सोडून द्यायचा असेल, तर हात ओले करूनच धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

तिसऱ्या पहाटे काटकीवरची खूण पाण्याच्या रेषेवरच होती. मी खुर्ची उचलून मागच्या कोपऱ्यात नेली, अलगद टेकवली, आणि गळ हळूच पायाशी सोडला.