पट्टीचुंबकाच्या मध्यभागी काय असतं?

[दृश्य: टेबलावर दोन एकसारख्या पट्ट्या]

लांबी तीच, वजन तेच, रंगही तोच. यातली एक पट्टी चुंबक आहे, दुसरी साधं लोखंड. टाचणी नाही, दोरा नाही, होकायंत्र नाही. याच दोन पट्ट्या वापरून चुंबक ओळखायचा आहे.

टोकाला टोक लावून उपयोग नाही. पट्ट्या चिकटतील, पण कोण कोणाला ओढतंय ते कळणार नाही. म्हणून एकीचं टोक दुसरीच्या बरोबर मध्यावर टेकवायचं. घट्ट चिकटलं, तर हातातली पट्टी चुंबक. ओढ जेमतेम जाणवली, तर चुंबक टेबलावर आहे.

[दृश्य: लोहकिसातून बाहेर काढलेला पट्टीचुंबक]

कारण इथे दिसतंय. दोन्ही टोकांना किसाचे झुपके, मधे तुरळक कण. मग मधे चुंबकत्व नसतंच का? कापून पाहू.

जिथे काहीच नव्हतं, तिथे दोन नवे ध्रुव तयार. एका तुकड्याला उत्तर, दुसऱ्याला दक्षिण. पुन्हा कापा, पुन्हा तेच. एकटा, सुटा ध्रुव आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही.

लोखंडाचा प्रत्येक अणू हाच एक चिमुकला चुंबक असतो, मुख्यतः त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या परिवलनामुळे. पट्टीचुंबकात यातले बहुतेक एकाच दिशेला तोंड करून असतात. मध्यभागी प्रत्येकाच्या उत्तर ध्रुवापुढे शेजाऱ्याचा दक्षिण ध्रुव येतो आणि बाहेर काही जाणवत नाही. टोकाच्या अणूंना पुढे शेजारीच नाही. म्हणजे मध्यभागही पुरेपूर चुंबकित असतो. आपल्याला फक्त कडा जाणवतात.

साध्या खिळ्यातही अणू तेच. मग तो चुंबक का नाही? 1907 मध्ये पिएर वाइस यांनी याचं उत्तर मांडलं. लोखंड आतून अनेक छोट्या प्रदेशांत विभागलेलं असतं. त्यांना डोमेन म्हणतात. एका डोमेनमधल्या अणूंची दिशा एक, शेजारच्या डोमेनची निराळी, आणि सगळ्यांची बेरीज शून्य. चुंबक जवळ आला की त्याच्या दिशेला जुळणारे डोमेन शेजाऱ्यांची जागा घेत वाढतात. ही वाढ सलग होत नाही, झटक्याझटक्यांनी होते. 1919 मध्ये हाइनरिश बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती तारेचं वेटोळं गुंडाळलं, ते ध्वनिवर्धकाला जोडलं, आणि ते झटके चक्क ऐकले.

[आवाज: बारीक खरखर. निवेदन काही क्षण थांबतं.]

चुंबक दूर नेला की मऊ लोखंडातली ही शिस्त बरीचशी मोडते. पोलादात ती टिकते.

‘लोखंड चिकटतं, बाकीचं नाही’ हा शाळेतला नियम कामापुरता ठीक, पण फार ताणू नये. स्टेनलेस स्टीलच्या कित्येक प्रकारांत निम्म्याहून जास्त लोखंड असूनही चुंबक त्यांना धरत नाही, कारण त्यांची स्फटिकरचनाच वेगळी. उलट 1903 मध्ये फ्रिट्झ हॉयस्लर यांनी तांबं, मँगनीज आणि अॅल्युमिनियम यांचं असं संमिश्र दाखवलं, जे चुंबकाला चिकटतं. तिघांपैकी एकटं कोणीच चिकटत नाही! कोणते अणू आहेत याइतकंच ते कसे मांडलेत, हेही महत्त्वाचं.

आणि न चिकटणारे पदार्थ तरी कुठे निर्विकार असतात? अॅल्युमिनियम किंचित ओढलं जातं, ते समचुंबकीय. ऑक्सिजनही त्यातलाच. द्रवरूप ऑक्सिजन प्रबळ चुंबकाच्या दोन ध्रुवांमधे ओतला, तर तो तिथेच अडकून राहतो. पाणी, तांबं, बिस्मथ किंचित दूर ढकलले जातात. हे प्रतिचुंबकत्व मायकेल फॅरडे यांनी 1845 मध्ये अभ्यासलं. त्यानंतर दीडशे वर्षांनी, 1997 मध्ये, नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथे सुमारे 16 टेस्लाच्या क्षेत्रात एक जिवंत बेडूक हवेत तरंगवला गेला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हे जवळपास 3 लाख पट. बेडकाला काही झालं नाही.

[दृश्य: लाल तापलेला खिळा चुंबकावरून गळून पडतो]

उष्णतेपुढे मात्र लोखंडाचं काही चालत नाही. 770 अंश सेल्सिअसच्या वर अणूंची थरथर इतकी वाढते की डोमेनच उरत नाहीत. याला क्यूरी तापमान म्हणतात. गॅडोलिनियम या धातूसाठी ते सुमारे 20 अंशच आहे. खोली जरा उबदार झाली की त्याचं लोहचुंबकत्व संपतं.

[दृश्य: पृथ्वीच्या पोटात काढलेला पट्टीचुंबक]

हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण पृथ्वीच्या गाभ्याचं तापमान हजारो अंश आहे. तिथे पट्टीचुंबक टिकणं शक्य नाही. सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपासून सुरू होणाऱ्या बाह्य गाभ्यात वितळलेलं लोखंड सतत फिरत असतं, आणि त्यातल्या विद्युतप्रवाहांमुळे पृथ्वीचं क्षेत्र तयार होतं. चित्रात त्या पट्टीचा दक्षिण ध्रुव उत्तरेकडे काढतात, ते मात्र बरोबर आहे. होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक तिकडे वळतं ते त्यामुळेच.