माइक उघडायची घाई करू नका

बसा बसा, आणि तो पंखा जरा बंद करा कुणीतरी, सोलापूरच्या उन्हात अवघड आहे माहितीय, पण पंखा चालू असला की जुन्या माइकमधला फरक ऐकूच येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा दोन नॉयमन यू ८७, म्हणजे स्टुडिओतले कंडेन्सर माइक, घेऊन आला, म्हणे सर एक भरदार लागतोय आणि दुसरा पातळ, कॅप्सूल (आवाज पकडणारा पातळ पडद्याचा भाग) गेली वाटतं. मी माइक उलटा केला, मागचा बारका स्विच नखानं सरकवला. लो-कट, म्हणजे खालचा जाड आवाज कापणारा स्विच, ऑन होता, बाकी काही नाही! हा पठ्ठ्या कॅप्सूलसाठी पैसे जमवत होता ओ.

आणि नाव सेम म्हणजे माइक सेम असं नसतं. यू ८७ आला १९६७ ला, त्याचीच पुढची आवृत्ती यू ८७ एआय १९८६ ला, आतलं सर्किट वेगळं, एआयचा आउटपुट बराच जास्त. आपला कान जो मोठा वाजतो त्याला चांगला म्हणतो, म्हणून आधी दोघांची लेव्हल सारखी करा मग काय ती मतं मांडा. गायकावर टेस्ट करू नका, तो दोनदा सारखं गाणारच नाही, स्पीकरवरून एकच रेकॉर्डिंग वाजवा, खोलीत चादरी टांगा (आपल्याकडं त्यांना तोटा नाही), अंतर दोऱ्यानं मोजा, कारण वीतभर जवळ आलं तरी बास, म्हणजे खालचा आवाज, फुगतो.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल बदलली आणि दोष केबलबरोबर गेला तर माइकला हात कशाला लावायचा. दोन्ही माइक शेजारी ठेवून एकत्र मिसळले आणि बास गायब झाला तर कुणीतरी रिपेअर करताना माइकच्या प्लगातल्या २ आणि ३ नंबरच्या पिना उलट्या जोडल्यात समजा.

एवढं करून फरक राहिला तरच कॅप्सूलकडं बघा. गायकांची थुंकी, धूळ पडद्यावर बसते आणि वरचा आवाज दबतो. पुसायला जाऊ नका, पडदा फाटेल, ते काम जाणत्याचं. खरखर येत असेल तर रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, सकाळी गेली तर ओल होती.

मीटरचं एक सांगतो, मी स्वतः फसलोय. कॅप्सूलचं व्होल्टेज साध्या मल्टिमीटरनं मोजलं, अर्धा व्होल्ट दाखवला, म्हटलं गेलं सगळं. तिथं वाटेत रेझिस्टर होता १ गिगाओमचा, म्हणजे १००० मेगाओमचा, आणि मीटर स्वतः १० मेगाओमचा, मग जवळजवळ सगळं व्होल्टेज रेझिस्टरच खाणार, म्हणजे ६० व्होल्ट असले तरी तो ०.६ च दाखवणार! दोन दिवस विनाकारण सोल्डरिंग केलं.

आता समोर दोन माइक लावतो, एका केबलमध्ये मुद्दाम गडबड केलीय. कुठल्या, ते सांगा बघू.