निर्वासितांचा फोटो बघताना आधी हात बघा

मंडळी, युद्धातून निघालेल्या माणसांचा फोटो समोर आला की नजर चेहऱ्यावर खिळते. ती जरा खाली, हातांकडे न्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेली फाइल दिसते? पुढच्या नाक्यावर आपल्या शब्दाला किंमत नाही, शिक्क्याला आहे, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. मग फोटोच्या कडा बघा. कुंपण, शिपाई, रांगेचा दोर बहुधा कडेला असतात आणि छापताना नेमके तेच कापले जातात. मग नुसतं दुःख उरतं, जणू पूर आला होता. कडा राहिल्या तर कळतं की या माणसांना कुणीतरी अडवलं आहे.

हिरव्या डोळ्यांची ती अफगाण मुलगी आठवा. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत तिचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. तिचं नाव शरबत गुला, हे जगाला २००२ मध्ये कळलं. २०१६ मध्ये बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानात तिला अटक झाली आणि मग अफगाणिस्तानात धाडण्यात आलं. जगभर ओळखला जाणारा चेहरा होता, पण कायद्यापुढे तो कामी आला नाही. कळवळ्याने हक्क मिळत नाहीत, ते लिहून द्यावे लागतात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम ३३ तेच करतं: जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तिथे माणसाला परत ढकलायचं नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही. पण आपल्या घटनेच्या कलम २१ चं, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं, संरक्षण परक्या देशाच्या माणसालाही आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांच्या, म्हणजे पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) आलेल्या निर्वासितांच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केलं.

आपल्यातल्या मुंबई-ठाण्याकडच्यांना हे परकं नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरली, तेच आजचं उल्हासनगर. तिथे पत्ता अजून ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असाच सांगतात.

आपलं मंडळ मदतनिधी गोळा करतं तेव्हा पत्रकावर असे फोटो टाकतं, म्हणून थोडं कामाचं. फोटो इंटरनेटवर उलट शोधून, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच टाकून, त्याची सर्वांत जुनी तारीख बघा. दुसऱ्याच युद्धातला फोटो नव्या मजकुरासह फिरणं नेहमीचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद तशीच राहते, ती आधी पुसा. पाठीमागची शाळेची पाटी किंवा तंबूचा क्रमांकही माणसाचा माग देतो, आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याचा त्रास होऊ शकतो. मुलांचे चेहरे पालकांच्या परवानगीशिवाय नकोच. परवानगी विचारताना फोटो कुठे छापणार तेही सांगा. मदतीच्या रांगेतच विचारलं तर नाही म्हटल्यावर धान्य मिळणार नाही या भीतीने माणूस हो म्हणतो. म्हणून वाटप उरकल्यावर, त्याच्या भाषेत विचारा. फोटोखाली नाव, गाव, तारीख द्या. नाव देणं धोक्याचं असेल, तर ‘सुरक्षेसाठी नाव दिलेलं नाही’ असं स्पष्ट छापा.