सानिया मिर्झा : २७ फुटांपासून ३६ फुटांपर्यंत

(पडद्यावर : फोरहँडचा फटका, संथ गतीत)

खांदा वळतो, रॅकेट मागे जाते. चेंडू अजून शरीराच्या पुढेच असतो आणि मनगट सपकन फिरतं. टेनिसपटू सानिया मिर्झाचा हा फोरहँड, म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारलेला फटका, ओळखायला चेहरा दिसावा लागत नाही. चेंडू नेटवरून फार उंच जात नाही. जोरात आणि जवळजवळ सपाट जातो. समोरच्या खेळाडूला पाय लावायलाही वेळ उरत नाही.

सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६चा, मुंबईचा. वाढली मात्र हैदराबादमध्ये. सहाव्या वर्षी खेळायला सुरुवात केली, घडवलं वडील इम्रान मिर्झा यांनी. २००३ मध्ये ॲलिसा क्लेबानोव्हासोबत तिने विम्बल्डनचं मुलींच्या दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. देशाला ती खऱ्या अर्थाने माहीत झाली २००५ मध्ये. ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्सने तिला ६-१, ६-४ असं हरवलं. पुढच्याच महिन्यात हैदराबादला अल्योना बोंदारेन्कोविरुद्ध ६-४, ५-७, ६-३. डब्ल्यूटीए, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धेत एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. मग दुबईत तिने अमेरिकन ओपनची विजेती स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला दोन सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये चौथी फेरी.

२७ ऑगस्ट २००७ रोजी ती एकेरीच्या क्रमवारीत २७व्या स्थानावर पोचली. तिथवर आजही दुसरी कुणी भारतीय महिला गेलेली नाही.

पण तिच्या खेळातली कच्ची बाजूही सगळ्यांना ठाऊक होती : दुसरी सर्व्हिस. पहिली सर्व्हिस चुकली की दुसरी जपून टाकावी लागते, आणि तिची दुसरी सर्व्हिस हळू यायची. समोरची खेळाडू बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, आत पाऊल टाकून थेट तिच्या बॅकहँडवर, म्हणजे फोरहँडच्या उलट बाजूवर, हल्ला करायची. मग गुण वाचवायला धावून फोरहँड गाठणं आलं. धावताना चेंडू उशिरा सापडतो. उशिरा लागलेल्या चेंडूचा धक्का खांद्याऐवजी मनगटावर बसतो. एका लढतीत हे कितीदा होत असेल याची कल्पना करा, आणि वर्षभराचे सामने त्यात मिळवा.

२००७ मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, २००८ मध्ये उजव्या मनगटावर. ते मनगट इतकं दुखायचं की केस विंचरणंही जमत नव्हतं, असं तिने पुढे जाहीरपणे सांगितलं. त्या वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकेरीची पहिलीच लढत मनगटामुळे अर्धवट सोडावी लागली.

(पडद्यावर : कोर्टचा आराखडा)

यानंतर तिने जे केलं त्याला आपल्याकडे "एकेरी जमेना म्हणून दुहेरी" असं म्हटलं गेलं. हे म्हणणं चूक आहे, आणि का चूक आहे ते कोर्टच्या मापातच दिसतं.

एकेरीत कोर्टची रुंदी २७ फूट, आणि ती एकटीने सांभाळायची. दुहेरीत दोन्ही बाजूंचे साडेचार-साडेचार फुटांचे पट्टे खुले होतात, रुंदी ३६ फूट होते; म्हणजे एकीच्या वाट्याला १८ फूट. धावणं कमी झालं, चेंडू वेळेवर सापडू लागला, मनगटावरचा ताण उतरला. इथवर सोपं वाटतं. अवघड भाग पुढे आहे. एकेरीत परतीचा फटका कोर्टच्या मध्यावर जोरात मारला तरी चालतो. दुहेरीत तिथे, नेटपाशी, प्रतिस्पर्धी जोडीतली दुसरी खेळाडू टपून उभी असते. तिच्या हाताला न लागता, सर्व्हिस करणारीच्या पायाशी तिरका चेंडू टाकायचा. नेट मध्यभागी ३ फूट उंच, खांबाशी साडेतीन फूट; तिरका फटका मधल्या बुटक्या भागावरून जातो, म्हणून तो खाली ठेवता येतो. वीतभर वर गेला तरी नेटवरची खेळाडू गुण संपवते. सानियाचा सपाट, वेगवान फोरहँड या अरुंद वाटेसाठीच घडवल्यासारखा होता. तो पायाशी आला की समोरून उचललेली, लेचीपेची व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) मिळते, आणि आपली जोडीदार ती ठोकते.

सर्व्हिसचंही तसंच. दुहेरीत नुसता वेग फारसा कामाचा नाही. पहिलीच सर्व्हिस आत पडणं महत्त्वाचं. ती समोरचीच्या अंगावर किंवा मधल्या रेषेवर टाकली की परतीच्या फटक्याला कोन मिळत नाही. जोडीदार नेटपाशी उभी राहून पाठीमागे हाताने खूण करते : जागेवर थांबणार की आडवी जाणार. ती आडवी गेली की सर्व्हिस करणारीने तिची मोकळी बाजू धरायची. एकीने खूण विसरली तर दोघी एकाच बाजूला सापडतात आणि अर्धं कोर्ट रिकामं पडतं. दुसऱ्या सर्व्हिसची कमजोरी अशी दोघींत वाटून घेता येते.

महेश भूपतीसोबत २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं आणि २०१२ मध्ये फ्रेंच ओपनचं मिश्र दुहेरीचं विजेतेपद. २०११ मध्ये एलेना वेस्निनासोबत फ्रेंच ओपनची अंतिम फेरी. २०१३ पासून एकेरी बंद. २०१४ मध्ये ब्रुनो सोआरेससोबत अमेरिकन ओपनचं मिश्र विजेतेपद, निर्णायक टायब्रेक (बरोबरी सोडवणारा गेम) ११-९. कारा ब्लॅकसोबत सिंगापूरला वर्षअखेरची डब्ल्यूटीए स्पर्धा, ६-१, ६-०.

मार्च २०१५ मध्ये मार्टिना हिंगिस जोडीला आली. सानियाने मागून जोर लावायचा, हिंगिसने नेटवर चेंडू कुठे येणार ते आधीच हेरायचं. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन : एकत्र खेळलेल्या पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या आणि १३ एप्रिलला सानिया दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर.

(पडद्यावर : विम्बल्डन, सेंटर कोर्ट, ११ जुलै २०१५)

महिला दुहेरीची अंतिम लढत. समोर एकातेरिना माकारोव्हा आणि तीच वेस्निना, सानियाची जुनी जोडीदार. इंडियन वेल्स आणि मायामीच्या अंतिम लढतींत याच दोघी हरल्या होत्या, त्यामुळे या जोडीचा खेळ त्यांना पाठ होता. माकारोव्हा डावखुरी. तिची बाहेर वळणारी सर्व्हिस उजव्या हाताच्या खेळाडूला डाव्या कोर्टमधून पार पट्ट्याबाहेर ओढते. पहिला सेट ५-७ गेला, दुसरा टायब्रेकवर ७-६ मिळाला. तिसऱ्यात २-५.

तिथून सलग पाच गेम. त्यात समोरच्यांची सर्व्हिस किमान दोनदा भेदावी लागते, म्हणजे त्या सर्व्हिस करत असताना गेम जिंकावा लागतो, आणि आपली एकदाही गमवायची नसते. ५-५ वर अंधारून आलं म्हणून छप्पर बंद करून दिवे लावले. त्या थांब्यातही लय तुटली नाही. ७-५. ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत, महिला दुहेरी जिंकणारी पहिली भारतीय महिला. हा सेट पुन्हा पाहाल तेव्हा नजर चेंडूवर न ठेवता नेटजवळच्या खेळाडूच्या पायांवर ठेवा. गुण तिथे ठरताना दिसतो.

मग अमेरिकन ओपन, ग्वांगझो, वुहान, बीजिंग, वर्षअखेरची स्पर्धा, आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन. सलग ४१ विजय. ही मालिका फेब्रुवारीत दोहाला तुटली. तोडणाऱ्या जोडीत दारिया कसात्किनासोबत होती वेस्निनाच. ऑगस्टमध्ये सानिया आणि हिंगिस वेगळ्या झाल्या. लगेचच सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत सानियाने बार्बोरा स्ट्रिकोव्हासोबत हिंगिसच्या नव्या जोडीला हरवलं आणि तोवर दोघींचा असलेल्या पहिल्या क्रमांकावर ती एकटी राहिली. हे स्थान तिने एकूण ९१ आठवडे भूषवलं. त्याच महिन्यात रिओ ऑलिंपिकमध्ये रोहन बोपण्णासोबतचं कांस्यपदक मात्र हुकलं.

२०१८ मध्ये मुलगा झाला. दोन वर्षांहून जास्त काळानंतर, जानेवारी २०२० मध्ये होबार्टला ती पुन्हा उतरली आणि नादिया किचेनोकसोबत पहिलीच स्पर्धा जिंकली. त्याच मार्चमध्ये दुबईला फेड कप, म्हणजे महिलांची देशादेशांतली सांघिक स्पर्धा, होता. इंडोनेशियाविरुद्धची निर्णायक दुहेरी सानिया आणि अंकिता रैना यांनी जिंकली आणि भारत पहिल्यांदा जागतिक गटाच्या प्लेऑफमध्ये गेला.

शेवटची ग्रँड स्लॅम अंतिम लढत जानेवारी २०२३ची, मेलबर्नला, पुन्हा बोपण्णासोबत. लुइसा स्टेफानी आणि राफाएल मातोस यांच्याकडून ७-६, ६-२ अशी हार. २१ फेब्रुवारीला दुबईत मॅडिसन कीजसोबत ती अखेरचा सामना खेळली. कुदेरमेतोव्हा-सॅमसोनोव्हा जोडीने तो ६-४, ६-० असा जिंकला. तोवर सानियाच्या नावावर डब्ल्यूटीए एकेरीचं १ आणि दुहेरीची ४३ विजेतेपदं जमा होती.